बंदुकीला वारस लावताना

जिल्हाधिकारी कार्यालयातली गृह शाखा लोकांना ठाऊक असते ती सभा-मिरवणुकांच्या परवानग्यांमुळे, नाहीतर मोर्चाच्या दिवशीच्या धावपळीमुळे. त्याच शाखेत एक टेबल शस्त्र परवान्यांचं असतं. कोकणातल्या एका जिल्ह्यात ते टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. नवे प्रस्ताव, नूतनीकरण, काडतुसांची मंजुरी, परवाना पुस्तिकेतल्या नोंदी हे रोजचं काम. ती फाइल संध्याकाळी कपाटात गेली की डोक्यातूनही जायची. घरी सोबत यायच्या त्या वेगळ्या फायली. त्यांच्या पहिल्याच पानाला मृत्यू दाखला टाचलेला असायचा.

कोकणात परवान्याची बंदूक बहुतेक करून शेतकऱ्याच्या घरात असते. वानर, रानडुक्कर यांच्यापासून भात, नारळ, काजू राखायला पीक संरक्षणाचा परवाना मिळतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच तशी तरतूद आहे: खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी कुणी ठासणीची बंदूक मागितली आणि दुसरी काही आडकाठी नसली, तर परवाना द्यायचा. जनावर मारण्याची परवानगी त्यात येत नाही, ती वन खात्याकडची वेगळी बाब. अशी ठासणीची, नाहीतर एकनळी-दुनळी काडतुसाची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या माजघरातल्या खुंटीवर असते, आणि घोळ होतो तो याच ‘पिढ्यान्‌पिढ्या’मुळे. कलमांची बाग आणि देवघरातले टाक जसे बापाकडून मुलाकडे आले तशी बंदूकही आली, असं घरातले धरून चालतात.

बंदूक ही वस्तू वारसाकडे येते, हे खरं. ती जवळ बाळगण्याचा अधिकार मात्र वारशात मिळत नाही. परवाना दिलेला असतो तो एका माणसाचं वय, वर्तणूक आणि गरज तपासून. तो माणूस गेला की परवाना संपला, आणि त्याच खुंटीवरची तीच बंदूक विनापरवाना शस्त्र ठरली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. शस्त्र प्रतिबंधित प्रकारातलं असेल तर सात ते चौदा वर्षं. ज्या घराने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, त्या घराला हे समजावून सांगणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग होता.

हवालदार दारात येतो तेव्हा

परवानाधारक वारला, हे आमच्या कार्यालयाला कळायचं कसं? बहुतेक वेळा निवडणूक लागल्यावर. आचारसंहिता जाहीर झाली की परवानाधारकांच्या याद्या पोलीस ठाण्यांकडे जातात आणि कुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची ते छाननी समिती ठरवते. हवालदार यादी घेऊन वाडीत जातो.

“तात्या आहेत का?”

“तात्या जाऊन तीन पावसाळे झाले.”

“आणि बंदूक?”

इथे घरातले एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागतात. कुणालाच काही लपवायचं नसतं. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत बँकेचं पासबुक आठवलं, विम्याची पॉलिसी आठवली, सातबाऱ्यावर वारस लावायचं आठवलं. बंदूक खुंटीवर होती तिथेच होती, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पूर्वी दर तीन वर्षांनी नूतनीकरण असायचं, तेव्हा निदान त्या निमित्ताने चौकशी व्हायची. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची केली. परवानाधारकाची एक खेप वाचली, ही सोय झालीच. पण नूतनीकरण करून पुढच्याच महिन्यात तो वारला, तर पुढची साडेचार-पाच वर्षं कागदोपत्री तो हयातच राहू शकतो. आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला युनिक क्रमांक असतो, पण परवानाधारक गेल्याचं कुणीतरी कळवावं लागतंच. माझा भरवसा असायचा तो गावच्या पोलीस पाटलावर. ज्या गावचा पाटील जागरूक, त्या गावच्या अशा फायली वेळेत आल्या आणि वेळेत मिटल्या.

गोधडीतली वळकटी

एकदा दुपारच्या सुट्टीनंतर साठीच्या एक बाई शाखेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात गोधडीची लांबट वळकटी, वरून सुंभाने घट्ट बांधलेली. शिपायाने विचारलं तर म्हणाल्या, “ह्यांची बंदूक. जमा करूची आसा. घरात ठेवूक भय वाटता.”

दोन एसट्या बदलून, भरल्या गाडीतून त्या आल्या होत्या. नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. कुणीतरी ‘कलेक्टर कचेरीत नेऊन द्या’ असं सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. आमच्या नायब तहसीलदारांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, वळकटीला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं आणि पोलिसांना फोन केला. मुख्यालयातून आर्मोरर आला.

त्याने वळकटी अंगणात नेऊन सोडली. ठासणीची बंदूक, लाकडाचा दस्ता हातांच्या घामाने काळा पडलेला. नळीचं तोंड कुणाकडे होणार नाही असं धरून त्याने आधी निपल पाहिलं. त्यावर टोपी नव्हती. मग ठासणीचा गज नळीच्या बाहेरून, तिच्या लांबीला लावून धरला आणि निपलपाशी जिथे नळी संपते तिथवरचं माप बोटाने पकडलं. तोच गज मग नळीत सोडला. मापाच्या खुणेपर्यंत तो गेला नाही, चार बोटं आधीच अडला. आर्मोरर मान वर न करता म्हणाला, “भरलेली आहे.”

काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. मालकाने कधीतरी वानरांसाठी बार भरला, उडवायचं राहून गेलं, मग आजारपण आलं. त्या नळीतली दारू आणि छर्रे भरल्या एसटीत प्रवाशांच्या पायांशी बसून आले होते. आर्मोररने नळीत पाणी ओतून दारू भिजू दिली, गजाच्या टोकाला स्क्रू लावून आतली चिंधी आणि छर्रे ओढून काढले. बाई बाजूला पायरीवर बसून पाहत होत्या. त्यांनी विचारलं ते एवढंच, की आमचो नातू ह्या बंदुकीशी खेळायचो, मग तेका काय झाला असता?

या बाईंनी हेतू शंभर टक्के चांगला ठेवला होता. त्यांना कुणी रीत सांगितली नव्हती, इतकंच. रीत अशी: परवानाधारक गेला की घरातल्यांनी शस्त्राला हात न लावता आधी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला कळवायचं आणि ते सांगतील त्याप्रमाणे शस्त्र, उरलेली काडतुसं आणि परवाना पुस्तिका जमा करायची. अधिनियमाच्या २१ व्या कलमाप्रमाणे जवळच्या ठाण्यात किंवा अटी पाळून परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करता येतं, आणि ते विनाकारण उशीर न करता करायचं असतं. जमा केल्याची पोच घ्यायची. शस्त्राचा क्रमांक, बनावट, काडतुसांची संख्या पोचेवर आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचायचं. त्या पोचेवर पुढचं सगळं अवलंबून असतं.

ना-हरकत

जमा केलं म्हणजे बंदूक सरकारची झाली, असा समज सर्रास असतो. तसं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला परवाना मिळाला तर ती परत घेता येते. परवाना नको असेल तर ज्याला ती घेण्याचा कायदेशीर अधिकार आहे अशा माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदतीत यातलं काहीच केलं नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा होते.

तीन भावांची एक फाइल होती. थोरला गावी शेती बघणारा, मधला आणि धाकटा मुंबईला चाकरमानी. वडिलांची काडतुसाची दुनळी ठाण्यात जमा. थोरल्याने अर्ज केला. नियमाप्रमाणे चौकशी सुरू झाली: वारस दाखला, पोलिसांचा अहवाल, सातबारा, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. सगळं जुळलं आणि फाइल अडली ती भावांच्या ना-हरकतीवर. मधल्याने सही दिली. धाकटा म्हणाला, आधी घराच्या वाटण्या करा, मग बंदुकीचं बघू.

गणपतीला तिघे एकत्र यायचे, विषय निघायचा, भांडण व्हायचं, चाकरमानी परत जायचे. आमच्याकडून स्मरणपत्रं जात राहिली. थोरला दर खेपेला येऊन टेबलासमोर बसायचा आणि सांगायचा, यंदाही डुकरांनी निम्मं भात लोळवलं. त्याला पीक संरक्षणासाठी बंदूक खरोखर हवी होती, ती वापरणारा आणि जपणारा तोच होता, आणि तरी हातात काही नव्हतं. धाकट्याच्या मनातही बंदुकीचा लोभ नव्हता. वाटण्यांसाठी दबाव टाकायला त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं.

शेवटी ती दुनळी तिघांच्या संमतीने विक्रेत्यामार्फत विकली गेली. कोकणातल्या दमट हवेत इतके पावसाळे पडून राहिल्यावर तिची किंमत कितीशी येणार? वडिलांनी हयातीत एका कागदावर लिहून ठेवलं असतं, की बंदूक शेती करणाऱ्याकडे जावी, तर त्या कागदाने परवाना मिळाला नसता. परवाना देणारं कार्यालय स्वतः तपासूनच देतं. पण तिघा भावांमधला प्रश्न मात्र त्या कागदाने सुटला असता.

जिन्यातली भेट

ही गोष्ट मी नोकरीत असताना कुणापाशी बोलले नाही. आता ओळख पटेल असं काही न ठेवता सांगते, कारण ती सांगायला हवी.

एका तरुणाचा अर्ज आला. वडील वारले, बंदूक ठाण्यात जमा, परवाना माझ्या नावावर करा. सोबत आईची आणि बहिणीची ना-हरकत, स्टॅम्प पेपरवर, व्यवस्थित. तो कागद द्यायला मायलेक दोघे आले होते. काम आटोपून ते निघाले. मी तहसीलच्या फायली घेऊन खाली जात होते, तर जिन्याच्या वळणावर आई एकटी उभी. मुलगा गाडी काढायला पुढे गेला होता. तिने माझा हात धरला.

“ताई, ती झिलाक देव नकात.”

एवढंच बोलली. मग मनगटावरच्या बांगड्या मागे सारल्या आणि तिथला काळानिळा डाग मला दाखवला.

सही तिने केली होती, पण मनाने केली नव्हती. मी तिला वर नेलं, साहेबांच्या दालनात बसवलं. तिचं म्हणणं रीतसर नोंदवून घेतलं गेलं आणि पोलिसांकडे फेरचौकशीला गेलं. अधिनियमाचं १४ वं कलम परवाना नाकारण्याचा अधिकार देतं. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटलं, तर तेवढं कारण पुरेसं आहे. ती फाइल नामंजूर झाली.

त्यानंतर टेबलावर प्रत्येक ना-हरकत आली की मी सही करणाऱ्याला, विशेषतः बाईला, एकटीला बोलावून विचारायला लागले. नियमात तसं लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी मुभा दिली आणि ती पद्धत पडली. वारसाहक्काच्या बहुतेक कागदांमध्ये चूक झाली तर नुकसान पैशांचं होतं. या एका कागदात चूक झाली तर त्या घरातलं कुणीतरी मरू शकतं. म्हणून मालकाने हयातीतच विचार करायचा तो ‘माझ्यानंतर कुणाला द्यायची’ एवढाच नाही. ‘कुणाला द्यायची नाही’ हे बोलण्याचं धाडसही त्यानेच करायला हवं. बापाने ते सांगितलं तर घर ऐकतं. ते ओझं मागे राहिलेल्या बाईवर टाकू नये.

दोनाच्या वर नाही

नोकरीच्या शेवटच्या काळात एका जुन्या घराण्याची फाइल आली. मालकांकडे परवान्यावर तीन शस्त्रं होती: बारा बोअरची दुनळी, बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आणि एक थ्री नॉट थ्री रायफल. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची. २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनावर आणली आणि तिसरं जमा करायला वर्षभराची मुदत दिली. त्या वर्षातच मालक वारले.

मुलगा पुण्याचा. त्याला वाटलं, घराण्याची शस्त्रं आहेत, वारसाहक्काने मर्यादेत सूट असेल. पण दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे, की वारसाने किंवा घराण्याची ठेव म्हणून परवाना देतानाही दोनाची मर्यादा ओलांडायची नाही. त्याच्या स्वतःच्या परवान्यावर दोन शस्त्रं आधीच होती. म्हणजे वडिलांचं एकही त्याच्याकडे येऊ शकत नव्हतं. थ्री नॉट थ्री तर प्रतिबंधित बोअर, तिच्या परवान्याचा निर्णय जिल्ह्यात होतच नाही, केंद्रीय गृह मंत्रालयात होतो.

या कुटुंबाने जे केलं ते मला फार आवडलं. वकिलांकडे न धावता सगळे एकत्र बसले. शेतीवाडी मुलगी बघत होती. तिने प्रशिक्षण घेऊन दुनळीसाठी अर्ज केला. रिव्हॉल्व्हर विकायचं ठरलं. आणि रायफल शासनाकडे सोपवायचं ठरलं. आजोबांच्या काळातली वस्तू, सगळ्यांनाच ते जड गेलं. मुलगा म्हणाला, “आमच्यापैकी कुणालाच तिची गरज नाही, मग परवाना कशासाठी मागायचा?” शस्त्र परवान्याच्या टेबलासमोर बसून हा प्रश्न स्वतःला विचारणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

आठवण म्हणून जुनी, गंजलेली बंदूक भिंतीवर ठेवता येते का, असंही पुष्कळ जण विचारायचे. जे शस्त्र दुरुस्ती करूनही चालू शकत नाही, त्याला अधिनियमातून सूट आहे. पण ते चालू शकतं की नाही, हे घरातल्यांनी नजरेने ठरवायचं नसतं. तपासणी करून घ्यावी, लेखी घ्यावं आणि मगच खिळा ठोकावा.

सत्तरीचे आजोबा

माझ्या टेबलाचा सगळ्यात समाधानाचा किस्सा साधा आहे. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा सुनेला घेऊन आले. धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत परवाना पुस्तिका, आधार कार्ड, सातबारा, सगळं क्रमाने लावलेलं.

“ताई, मी अजून आहे तोवर ही बंदूक हिच्या नावावर करायची आहे. होते ना?”

होते. शस्त्र नियम, २०१६ मधल्या २५ व्या नियमात तशी सोय आहे: परवानाधारकाची सत्तर वर्षं पूर्ण झाली, किंवा ते शस्त्र बाळगून त्याला पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो हयातीतच आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. वारसाची पात्रता आणि पोलीस अहवाल पाहून परवाना त्या नावाने मिळतो. या सोयीची माहिती असलेली माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

मी विचारलं, मुलगा का नको? आजोबा म्हणाले, मुलगा बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. काजूची बाग सून बघते. राखणीला रात्री तीच जाते. शिवाय तिचं डोकं थंड आहे. सून खाली मान घालून बसली होती, पण प्रशिक्षणाबद्दल, बंदूक कुलुपात ठेवण्याबद्दल मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिने नेमकं उत्तर दिलं. कपाट आधीच करून घेतलं होतं, किल्ली कुठे असते ते सासऱ्यालाच माहीत होतं, आणि परवाना मिळाल्यावर ती दुसरीकडे ठेवायचं दोघांनी ठरवलंही होतं. पोलीस अहवाल स्वच्छ आला. परवाना झाला. फाइल बंद करताना मी त्यावर काही वेगळी टिपणी लिहिली नाही, लिहिण्याची गरजच पडली नाही.

या सगळ्या फायलींमधून मी शिकले ते घराघरात पोहोचावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरात परवान्याचं शस्त्र असेल तर परवान्याची प्रत आणि शस्त्राचा क्रमांक घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. बंदूक भरून ठेवू नका, ठासणीची तर कधीच नाही. कुणी वापरायची, विकायची की सोपवून टाकायची, हे घरातल्या सगळ्यांसमोर, बायकांसमोरही, बोलून लिहून ठेवा. वारस म्हणून ज्याचा विचार कराल त्याचं वय एकवीस पूर्ण आहे का, त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं आहेत का, त्याला खरंच गरज आहे का, ते आधी पाहा. सत्तरी झाली असेल, किंवा पंचवीस वर्षं झाली असतील, तर पुढच्या नूतनीकरणाची वाट बघत बसू नका.

परवाना मागताना आपण सरकारला लेखी हमी देतो, की हे शस्त्र मी सुरक्षित ठेवीन. ती हमी आपल्या मरणाने संपली असं कायदा म्हणेल. घरातल्यांसाठी ती संपत नाही. आपण गेल्यावर ते शस्त्र कुणाच्या हाती पडणार, याची व्यवस्था करणं हा त्याच हमीचा भाग आहे, आणि तेवढं एक काम आपल्यामागे दुसऱ्या कुणाला नीट करता येत नाही.